संक्रांतीला पेरा, मे महिन्यात उपटा: गॅलरीतला भुईमूग

पहिल्या वर्षी आमच्या नेरुळच्या गॅलरीत भुईमूग असा काही माजला होता, की खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी शोभेचं झाड समजून एक फांदी मागितली. हिरवीगार पानं, रोज सकाळी पिवळी फुलं. मे महिन्यात मोठ्या थाटात उपटला. चार वेलांना मिळून सात शेंगा निघाल्या, त्यातल्या दोन पोचट.

सासूबाई खटावकडच्या. अर्धं आयुष्य भुईमुगाच्या रानात गेलेलं. त्यांनी वेल उलटा धरला आणि कुंडीच्या काठावरून बाहेर लोंबलेले, वाळून सुतळीसारखे झालेले दोरे दाखवले. "ह्या बघ तुझ्या शेंगा. वाऱ्यावर सोडल्यास की!" ते दोरे म्हणजे आऱ्या. चार महिने मी पाणी घातलं, खत घातलं, फुलांचे फोटो काढले, आणि शेंग जिथे धरते तिकडे एकदाही वाकून पाहिलं नाही.

त्यानंतरचे तीन उन्हाळे बरे गेले. आता एका वेलाला पंधरा-वीस भरलेल्या शेंगा मिळतात. एका ग्रो बॅगेत संध्याकाळच्या चहाबरोबर चौघांना पुरतील एवढ्या. वर्षाचं कूट घरचं होईल या हिशेबाने कुणी निघालं असेल तर वाण्याचं दुकान बरं. पण आपल्या हाताने उपटलेल्या, मातीचा वास असलेल्या शेंगा कुकरमधून काढून खायच्या असतील, तर पुढचं वाचा. ठाणे-नवी मुंबईच्या हवेत, फ्लॅटमध्ये राहून जमेल असंच लिहिलंय.

शेंग धरते कुठे, ते आधी

शेंगदाणा मुळाला लागतो असं बहुतेकांना वाटतं, रताळ्यासारखा. तसं नाही. भुईमूग चवळी-मुगाच्या कुळातला. फूल जमिनीच्या वर, पानाच्या बेचक्यात येतं. सकाळी लवकर उमलतं, स्वतःचं परागीभवन स्वतःच उरकतं आणि त्याच दिवशी मान टाकतं. मधमाशी आली नाही तरी अडत नाही, त्यामुळे कबुतरांची जाळी लावलेल्या गॅलरीतही शेंगा धरतात.

फूल सुकल्यावर आठ-दहा दिवसांत त्याच बेचक्यातून एक टोकदार देठ निघतो आणि सरळ खाली मातीकडे जातो. ही आरी. होणारं बी तिच्या टोकात असतं. मातीत दीड-दोन इंच शिरली की आरी आडवी होते आणि टोक फुगायला लागतं. अंधार आणि चहूबाजूंनी माती मिळाल्याशिवाय ते फुगत नाही. हवेत ती वीतभर लांबते, माती सापडली नाही की वाळते. माझ्या सुतळ्या त्या ह्याच.

दुसरी गोष्ट मला बरीच उशिरा कळली. दाणा भरायला कॅल्शियम लागतं, आणि ते मुळांकडून शेंगेपर्यंत जवळपास पोचत नाही. मुळांनी ओढलेलं कॅल्शियम पाण्याबरोबर पानांकडे जातं, कारण पाणी पानांतून हवेत उडतं. मातीत गाडलेल्या शेंगेतून पाणी उडत नाही, म्हणून तिच्याकडे तो ओघ वळत नाही. शेंग आपलं कॅल्शियम टरफलातून, आजूबाजूच्या मातीतून घेते. म्हणजे झाड तरतरीत असूनही दाणा पोचट राहू शकतो. वरून पाहून काहीच कळत नाही.

एवढं लक्षात आलं की बाकीची कामं आपोआप उलगडतात. कुंडी खोल असण्यापेक्षा रुंद हवी. वरची तीन इंच माती भुसभुशीत, ओलसर हवी, आणि तिच्यात शेंगेला कॅल्शियम देणारं जिप्सम हवं.

कधी पेरायचं

घाटावर भुईमूग मृगाच्या पावसावर पेरतात, म्हणून आपणही जूनमध्ये पेरू असं वाटतं. आपल्याकडे ते नको. ठाणे-नवी मुंबईत वर्षाला २००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. भुईमुगाला त्याच्या चौथाई-तिसऱ्या हिश्शात भागतं. जुलैत कुंडीत पाणी तुंबतं, ऊन दिसत नाही, पानांवर टिक्का रोगाचे काळे ठिपके येतात आणि शेंगा मातीतच कुजतात. मी एकदा हट्टाने करून पाहिलंय. पुन्हा करणार नाही.

कोकणातले शेतकरी भात काढून झाल्यावर उन्हाळी भुईमूग घेतात, आपण त्यांच्या मागे जायचं. संक्रांत ते जानेवारीअखेर पेरणी, मेच्या मध्याला काढणी. त्यामुळे वळवाच्या सरी यायच्या आत शेंगा घरात येतात. डिसेंबरची घाई नको. रात्रीचं तापमान १८ अंशांच्या खाली असलं की दाणा मातीत नुसता पडून राहतो आणि कुजायची शक्यता वाढते. उशीर करायचा तर १० फेब्रुवारीपर्यंत चालतो. त्यापुढे काढणी पावसात सापडते.

उन्हाचा हिशेब मात्र आधी करा. रोज निदान सहा तास थेट ऊन हवं. पूर्वेची किंवा दक्षिणेची गॅलरी असेल तर उत्तम. समोर टॉवर उभा राहिलेला असेल आणि ऊन दोन तासच येत असेल, तर सेक्रेटरींना विचारून गच्चीवर जागा बघा. सावलीत भुईमूग पानांनी वाढतो, शेंगांनी नाही.

बी कुठलं

भुईमुगात उपट्या, निमपसऱ्या आणि पसऱ्या असे प्रकार आहेत. आपल्याला उपट्या हवा. तो उभा, आटोपशीर वाढतो, फुलं बुंध्याजवळ धरतो आणि ११० ते ११५ दिवसांत तयार होतो. पसऱ्या वेल चार-साडेचार महिने घेतो आणि आऱ्या लांबवर टाकतो. गॅलरीत त्या फरशीवर उतरणार.

वाण म्हणाल तर एसबी-११ जुना आणि भरवशाचा. माझा आवडता टीएजी-२४, बुटका आणि गर्द हिरवा. यातलं टी म्हणजे ट्रॉम्बे. हो, वाशीच्या पुलावरून खाडीपलीकडे दिसतो तोच ट्रॉम्बे. भाभा अणुसंशोधन केंद्रात बियांवर किरणांचा मारा करून, त्यातून निघालेल्या वेगळ्या रोपांचा संकर करून भुईमुगाचे कितीतरी वाण तयार झालेत. टीएजी-२४ हा अकोल्याच्या कृषी विद्यापीठाबरोबर काढलेला, १९९१ सालचा. अणुऊर्जेच्या नावाने बिचकायचं कारण नाही. बी किरणोत्सर्गी नसतं, त्यातला गुण तेवढा बदललेला असतो. राज्यभर पेरलं जातं.

गावाकडून कुणी येणार असेल तर कृषी सेवा केंद्रातून अर्धा किलो मागवा. त्या बियांवर कधी कधी लाल-गुलाबी औषधाची पूड असते. ते दाणे खायचे नाहीत आणि मुलांच्या हाती लागू द्यायचे नाहीत.

हे जमलं नाही तर तुर्भ्याच्या मार्केटमधून किंवा ठाण्यात जांभळी नाक्यावरून वाळलेल्या, न भाजलेल्या शेंगा आणा. सोललेले दाणे शक्यतो नकोत, सोलताना सालपट खरचटलेलं असतं आणि असा दाणा मातीत लगेच बुरसटतो. शेंगा आणून पेरायच्या दिवशीच हाताने सोलायच्या. खारे, भाजलेले दाणे उगवत नाहीत हे सांगायला नको, पण आमच्या सोसायटीत एकांनी खारे दाणे पेरून आठवडाभर वाट पाहिलेली आहे. भोगीच्या भाजीसाठी आणलेल्या ओल्या शेंगांचाही मोह होतो. त्यातले बरेच दाणे अर्धेच भरलेले असतात. ते भाजीतच जाऊ द्या.

पेरण्याआधी चार दिवस दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा, मटकीला मोड आणतो तसे. सात-आठांना कोंब आला तर बी चांगलं. पाचांना आला तर दुसरं बघा.

पिशवी, माती आणि वजन

बारा इंची कुंडीत एकच वेल लावायचा. दोन लावाल तर आऱ्या काठाबाहेर. त्यापेक्षा दोन फूट लांब, एक फूट रुंद, नऊ इंच खोल अशी आयताकृती ग्रो बॅग घ्या. तिच्यात पाच वेल छान बसतात, एका ओळीत तीन आणि दुसऱ्या ओळीत त्यांच्या मधोमध दोन. मासळी बाजारात बर्फाचे थर्माकोलचे खोके मिळतात, तेही चालतात. फक्त दोन-तीनदा धुवून उन्हात ठेवा. एक तर त्यात मीठ असतं, आणि वासाने मांजरं येतात. तळाला बोटाएवढी आठ-दहा भोकं पाडायची.

वजनाकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. वर सांगितलेल्या मापाची पिशवी मातीने भरून पाणी घातलं की पन्नास किलोच्या आसपास जाते. आपल्याकडच्या जुन्या इमारतींना बाहेर काढलेले बॉक्स ग्रिल असतात आणि सगळ्यांच्या कुंड्या तिथेच. अशी पिशवी ग्रिलमध्ये ठेवू नका. आत, गॅलरीच्या फरशीवर, भिंतीला लागून ठेवा. खाली ट्रे ठेवला तर खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या कपड्यांवर मातीचं पाणी गळणार नाही. भुईमुगापायी शेजारधर्म मोडायला नको.

मातीत नर्सरीतली लाल माती अर्धी. नुसती लाल माती पाणी पडून उन्हाने तापली की वर पापुद्रा धरते, अगदी घट्ट. त्यात आरी घुसत नाही. म्हणून चौथाई जाड वाळू आणि चौथाई चाळलेलं गांडूळखत. वाळू नसेल तर कोकोपीट. बांधकामाची क्रश सँड वापरायची तर आधी धुवा, तिच्यातली दगडाची पूड सिमेंटसारखी बसते. पाम बीच रोडच्या पलीकडून खाडीकाठची काळी माती कुणी आणून देत असेल तर नको म्हणा. ती खारी असते.

सोसायटीच्या ओल्या कचऱ्याच्या यंत्रातलं खत आता बऱ्याच ठिकाणी फुकट मिळतं. ते पुरतं कुजलेलं असेल, मातीसारखा वास येत असेल, तरच घ्या. आंबूस वास असेल तर दोन महिने पोत्यात ठेवून द्या. आणि घ्याल तेही कमीच. पहिल्या वर्षी माझा भुईमूग माजला तो याच खताने. भुईमूग आपला नत्र हवेतून घेतो, त्याच्या मुळांवरच्या गाठींमधले जिवाणू ते काम करतात. वरून नत्राचा मारा झाला की झाड पानांत रमतं. युरिया तर अजिबात नको.

हे जिवाणू मातीत असायला हवेत, ही अट. कृषी सेवा केंद्रात रायझोबियमचं पाकीट मिळतं, भुईमुगाचं मागून घ्या. ते न मिळाल्यास ज्या कुंडीत आधी चवळी किंवा मूग लावला होता तिथली दोन मुठी माती यात मिसळा. चवळीच्या मुळांवर राहणारे जिवाणू भुईमुगालाही चालतात.

पेरणी

रायझोबियम असेल तर गुळाच्या पाण्याचे चार थेंब दाण्यांना लावून वरून चिमूटभर पूड चोळायची आणि सावलीत अर्धा तास सुकवायचं. दाणे रात्रभर भिजत घालू नका, फुगून दोन फाकी होतात.

माती आदल्या दिवशी भिजवून ठेवा. बोटाची दोन पेरं खोल, म्हणजे चार-पाच सेंटीमीटर, खड्डा करून दाणा आडवा ठेवायचा, किंवा टोकाची बाजू खाली. एका जागी दोन दाणे. दोन्ही उगवले तर आठवड्याने बारकं रोप कात्रीने कापायचं. उपटायचं नाही, शेजारच्याची मुळं दुखावतात. वरून हलका हात फिरवून माती बसवा आणि झारीने पाणी.

आणि लगेच झाका. ठाणे असो की नवी मुंबई, कबुतरांना दाणा पेरल्याचं कसं कळतं देव जाणे. भाजीवाल्याकडचा प्लास्टिकचा जाळीचा क्रेट पालथा घाला, वर वीट ठेवा. येऊरच्या पायथ्याशी, वसंत विहार किंवा उपवनकडे राहत असाल तर माकडांचाही विचार करा. त्यांना क्रेटचं कौतुक नसतं, गॅलरीला जाळीच लागते.

जानेवारीत उगवायला आठ ते दहा दिवस लागतात. माती आधी तडकते, मग दोन जाड दळं भेग रुंदावत वर येतात. पानं नीट उघडली की क्रेट काढा.

पहिला महिना

या काळात करण्यासारखं फार नाही. माती दोन पेरं खोल कोरडी लागली की पाणी, नाहीतर नाही. थोडा ताण बसला तर फुलं एकदम येतात, म्हणून शेतकरीही या वेळी पाण्याचा हात आखडता घेतात. तण दिसेल तेव्हा काढा, कारण पुढे काढता येणार नाही.

घरात मुलं असतील तर त्यांना रात्री गॅलरीत न्या. भुईमुगाच्या एका पानात चार पर्णिका असतात, आणि अंधार पडला की त्या जोडीजोडीने मिटतात. सकाळी पुन्हा उघडतात. माझी मुलगी त्याला "झाड झोपलं" म्हणायची आणि दिवा लावू द्यायची नाही.

गाठी झाल्यात का ते पाहायचं असेल तर महिन्याभराने बुंध्याशेजारची माती अलगद उकरा. बारीक मण्यांसारख्या गाठी दिसतील. एक फोडून पाहा. आतून गुलाबी असली की नत्राचं काम सुरू आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही.

फूल ते आरी: या तीन आठवड्यांत गॅलरी सोडू नका

पाचव्या आठवड्याच्या आसपास पहिलं फूल दिसतं. त्या दिवसाची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. फुलाची आरी व्हायला दहा दिवस, आणि आरी मातीत गेल्यापासून दाणा पक्का व्हायला साधारण दोन महिने. काढणी मेच्या मध्याला असेल तर सुरुवातीच्या दोन-अडीच आठवड्यांतल्या फुलांवरच आपली सगळी भिस्त. त्यानंतरची फुलं दिसायला छान, पण त्यांच्या शेंगा काढणीपर्यंत भरत नाहीत. पुढचं सगळं म्हणूनच वेळेवर व्हायला हवं.

पहिली फुलं आली की तीन कामं एकाच सकाळी उरका.

आधी वरची माती. हाताच्या बोटांनी, खुरप्याने नाही, वरचा इंचभर थर सैल करा. मातीवर पालापाचोळा घातला असेल तर उचलून घ्या, आरीला तो ओलांडता येत नाही. मग दोन मुठी माती-वाळू बुंध्याभोवती चढवा, वरंब्यासारखी. खालच्या बेचक्यांपासून मातीचं अंतर जितकं कमी, तितक्या जास्त आऱ्या पोचतात.

मग जिप्सम. शेतात हेक्टरी ४०० ते ५०० किलो देतात. म्हणजे चौरस मीटरला ४० ते ५० ग्रॅम. आपल्या दोन बाय एक फुटाच्या पिशवीला चहाचे सपाट दोन चमचे पुरे, बारा इंची कुंडीला एक चमचाही जास्तच. बुंध्याभोवती, आऱ्या उतरतील तेवढ्या घेरात भुरभुरवा, मातीत हलकं मिसळा, झारीने पाणी द्या. बागेच्या सामानाच्या दुकानात किलोचं पाकीट मिळतं, ते चार वर्षं संपत नाही. फॉल्स सीलिंगच्या कामातून उरलेली पूड वापरू का, असं मला दोघांनी विचारलंय. नको. ती पाणी लागल्यावर घट्ट होते, शिवाय तिच्यात आणखी काय काय मिसळलेलं असतं. अंड्याची टरफलं कुटून घालणारेही भेटतात. टरफल इतक्या सावकाश विरघळतं, की त्याचं कॅल्शियम मिळेपर्यंत तुमच्या शेंगा खाऊन झालेल्या असतील. पानाचा चुना तर मुळीच नको. आणि पोटॅश मिळतं म्हणून या थरात राख टाकू नका. शेंगेजवळ पोटॅश वाढलं की तिला कॅल्शियम घेणं जड जातं.

तिसरं काम फांद्यांचं. शेतकरी या दिवसांत उभ्या पिकावरून रिकामा ड्रम फिरवतात. सासूबाईंनी सांगितलं तेव्हा मला ती चेष्टा वाटली. ड्रमच्या भाराने फांद्या खाली दबतात आणि आऱ्या मातीला टेकतात, एवढंच त्यामागचं गणित. गॅलरीत ड्रम कुठला! कडेच्या फांद्या हलक्या हाताने आतल्या बाजूला वळवायच्या आणि तारेचा वाकडा आकडा करून मातीला टेकवून ठेवायच्या. काठाबाहेर गेलेल्या फांदीखाली मातीचा डबा ठेवला तरी चालतं. मी श्रीखंडाचे रिकामे डबे ठेवते.

एखादी आरी मुद्दाम पाहा. निघते तेव्हा हिरवी, टोकाला जांभळट, टाचणीसारखी अणकुचीदार. एका रविवारी सकाळी मी एका आरीशेजारी आगकाडी रोवून टोकाशी खूण केली होती. सोमवारी संध्याकाळी टोक खुणेच्या खाली होतं, बुधवारी मातीत. नंतर तिथली माती बोटाने सारून पाहिली तर टोक पांढरं पडलेलं आणि किंचित वाकलेलं. ती शेंग मात्र झाली नाही, माझ्या उकराउकरीने गेली. पाहायचंच असेल तर एका फांदीखाली मातीने भरलेली पारदर्शक बरणी ठेवा, काचेला लागून आरी उतरवा, आणि बरणीभोवती काळा कागद गुंडाळून ठेवा. पाहायचं तेव्हा कागद काढायचा, पाहून झालं की परत गुंडाळायचा.

आऱ्या मातीत शिरायला लागल्या की खुरपं कपाटात. तण दिसलं तरी कात्रीने कापायचं. शिमग्याच्या आसपास हा काळ येतो. घरच्या सगळ्यांना ताकीद देऊन ठेवा, कुणीतरी हौसेने माती मोकळी करायला जातंच.

यानंतरचं पाणी

आता ताण चालणार नाही. वरचा थर कायम ओलसर हवा, चिखल नव्हे. मार्च-एप्रिलमध्ये रोज सकाळी झारीने, कडक ऊन असेल तर संध्याकाळी थोडं परत. नळी लावून धारेने पाणी सोडलं की माती वाहून जाते आणि शेंगा उघड्या पडतात. काळ्या पिशव्या एप्रिलमध्ये हात लावू नये इतक्या तापतात, म्हणून उन्हाच्या बाजूने गोणपाट गुंडाळा. कधी गावाला जाणं आलंच तर शेजाऱ्यांना किल्ली द्या. या महिन्यात चार दिवसांचा खाडा पुढे पोचट शेंगांत दिसतो.

पहिल्या जिप्समनंतर तीन आठवड्यांनी मी आणखी एक चमचा देते. बाकी खत नाही.

पिवळी पानं आणि पाहुणे

कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह कमी पडतंय. बहुतेक वेळा कारण तुंबलेलं पाणी असतं, आधी तळाची भोकं मोकळी करा. खालची जुनी पानं शेवटच्या महिन्यात पिवळी पडतात, ती पडू द्या. मावा आला तर पाण्याचा फवारा मारून धुवा, नाहीतर लिटरभर पाण्यात ५ मिलि निंबोळी तेल आणि भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, संध्याकाळी. पानांवर गोल काळे डाग दिसले की ती पानं काढून टाका आणि पाणी पानांवर न घालता बुंध्याशी घाला.

उंदराचं मात्र काही खरं नाही. तळमजल्यावर किंवा गच्चीवर असाल तर शेंगा भरत आल्या की पिशवीभोवती बारीक तारेची जाळी लावाच. आमच्या गच्चीवरची एक पिशवी एका रात्रीत रिकामी झाली होती. टरफलं नीट एका कोपऱ्यात रचून ठेवलेली.

उपटायचं कधी

कॅलेंडरवर ११० दिवस झाले की कडेची एक शेंग काढून फोडा. दाणा नाही, टरफलाची आतली बाजू पाहा. पांढरीशुभ्र असेल तर कच्ची. तपकिरी-काळपट डाग असतील तर पक्की. चारांपैकी तीन शेंगा आतून काळपट निघाल्या की दिवस ठरवा. फार लांबवलं तर उपट्या वाणाचे दाणे ओलीवर जागीच मोड काढतात, आणि देठ कुजून शेंगा मातीत राहतात.

काढणीच्या आधी आठवडाभर पाणी बंद करा. आदल्या संध्याकाळी फक्त एकदा भिजवा, म्हणजे वेल ओढताना शेंगा तुटत नाहीत. गॅलरीत जुनी चादर अंथरा, बुंधा दोन्ही हातांनी खाली धरा आणि हलवत हलवत सरळ वर ओढा. मग पिशवी चादरीवर पालथी करा आणि माती चाळा. निम्मी मजा त्या चाळण्यात असते, मुलांना आधी बसवा.

उकडायच्या शेंगा त्याच दिवशी. दोन-तीन पाण्यांत चोळून धुवायच्या, बुडतील एवढं पाणी, जरा जास्तच मीठ, चिमूटभर हळद, कुकरला चार शिट्ट्या. गॅस बंद केल्यावर अर्धा तास त्याच पाण्यात राहू द्या, नाहीतर मीठ आत जात नाही.

ठेवायच्या शेंगा धुवायच्या नाहीत. माती झटकून, वेलासकट उलट्या दोन दिवस वाळवा, मग तोडून तीन-चार दिवस उन्हात. शेंग कानाजवळ हलवली की दाणा खुळखुळला पाहिजे. मेची हवा आपल्याकडे दमट असते, म्हणून संध्याकाळी घरात घ्यायच्या. यात कंटाळा नको. अर्धवट वाळलेल्या शेंगांवर बुरशी येते, आणि त्यातल्या एका बुरशीचं अफ्लाटॉक्सिन हे विष यकृताला घातक असतं. भाजल्याने ते पुरतं जात नाही. हिरवट-काळपट, सुरकुतलेला किंवा कडू लागलेला दाणा थुंकून टाकायचा, त्यात काटकसर नाही.

सगळ्यात टपोऱ्या, दोन दाण्यांच्या वीस शेंगा बियाण्यासाठी बाजूला काढा. न सोलता, कडक वाळवून, घट्ट झाकणाच्या डब्यात. पावसाळ्यात डबा उघडायचा नाही. वेलांचे तुकडे करून त्याच पिशवीत मातीखाली गाडा आणि जूनमध्ये वर लाल माठाच्या भाजीचं बी भुरभुरा. आमच्याकडे गेल्या वर्षी त्या पिशवीतला माठ तीनदा कापला.